परण्याची घोडी

आमच्या घरी घोडी आली ती वडलांच्या तोंडातून. आधी शब्द बाहेर पडला आणि मग त्या शब्दाला शोभेल असं जनावर शोधावं लागलं.

माझी सुपारी फुटली त्या दिवशीची गोष्ट. आमचं गाव हसनाबादेजवळ, मुलगी जाफराबादकडची. तिचे वडील मोठे शेतकरी, गावात त्यांचं वजन होतं, आणि बोलताना ते वजन ते प्रत्येक वाक्यावर ठेवत असत. पानसुपारी झाल्यावर त्यांनी सहज म्हणून विचारलं, "आमचे थोरले जावई परण्याला घोड्यावर आल्ते. तुमच्याकडं काय रीत हाये?"

परण्या म्हणजे आमच्याकडं नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वाजतगाजत नेतात ती मिरवणूक. आमच्या घराण्यातले सगळे नवरदेव आजवर छकड्यातून मांडवात गेले होते आणि त्यांची लग्नं काही अडली नव्हती. पण दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पान गालात सारलं आणि म्हणाले, "आमची घरची घोडी हाये. नवरदेव तिच्यावरच येईल."

शेजारी बसलेल्या माझ्या मामांनी मान डोलावली. इतकी डोलावली, की मलाही क्षणभर वाटलं, आपल्या घरी घोडी आहे.

परतताना छकड्यात मी म्हणालो, "दादा, आपल्याकडं घोडी कुठंय?"

"लगीन कुठं उद्या हाये?" दादा म्हणाले.

मामा म्हणाले, "घोड्याचं माझ्यावर सोडा. मी जालन्यात घोड्यातच वाढलो." हे खोटं नव्हतं. मामा तरुणपणी जालन्याच्या छावणीतल्या घोड्यांना चंदी, म्हणजे हरभऱ्याचा खुराक, पुरवणाऱ्या ठेकेदाराकडं कामाला होते. घोड्यांशी त्यांचा संबंध हरभऱ्याच्या पोत्यापुरता आला होता, पण एवढ्या जवळून संबंध आला की माणूस जाणकार होतोच.

सुगी आटोपल्यावर दादा आणि मामा लांबच्या घोडेबाजाराला गेले आणि छकड्यामागं घोडी बांधून घेऊन आले. अख्खं गाव बघायला जमलं. घोडी तांबूस होती, अंगानं सडपातळ, डोळे मोठे, आणि त्या डोळ्यांत आमच्या गावाविषयी काडीचाही आदर नव्हता. मामांनी जाहीर केलं, "पंचकल्याणी हाये."

चारही पाय आणि कपाळ पांढरं असलं तर घोड्याला पंचकल्याणी म्हणतात आणि ते लग्नाला शुभ मानतात. हिचं कपाळ पांढरं होतं आणि पाय तीनच पांढरे होते. चौथा उरलेल्या अंगासारखा तांबूस. कुणीतरी ते बोलून दाखवलं.

"चवथा वयानुसार पांढरा होतो," मामा म्हणाले. त्यांना व्यापाऱ्यानं तसं सांगितलं होतं. आणि व्यापारी कशाला खोटं बोलेल? त्याला तर घोडी विकायची होती.

मग हळूहळू असं कळलं, की हिच्या पाठीवर आजवर कुणी बसलेलं नाही. पाठ सोडा, तिच्या अंगाला माणसाचा हातही लागलेला नाही. कळपात मोकळी वाढलेली, फास टाकून धरलेली. व्यापाऱ्याच्या भाषेत 'कोरी'. मामांनी समजावलं, की कोरीच घ्यावी. दुसऱ्यानं बिघडवलेली घेऊन उपयोग नाही, कोऱ्या पाटीवर आपल्याला पाहिजे ते लिहिता येतं. पहिली अक्षरं मात्र तिनंच लिहिली, मागच्या पायांनी, आमच्या गोठ्याच्या कुडावर. दुसऱ्या बाजूला बांधलेली म्हैस त्या दिवशी पान्हवली नाही.

नाव काय ठेवायचं यावर घरात वाद झाला. दादांना देवीचं नाव हवं होतं, मामांना एखादं भारदस्त उर्दू नाव. माझी आई, जिला आम्ही माय म्हणायचो, ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "आधी हात लावून दावा, मंग बारसं करा." त्यामुळं बारसं लांबलं ते लांबलंच. ती शेवटपर्यंत नुसती घोडी राहिली.

मामांची शिकवण्याची पद्धत सोपी होती. "घोडं दोनच गोष्टी वळखतंय. भूक आन चाबूक." त्यांनी घोडीला आगाडी-पिछाडी घालून, म्हणजे पुढचे-मागचे पाय दोरांनी खुंट्यांना बांधून ठेवली आणि चंदी बंद केली. भुकेनं ती नरम येईल असा हिशेब होता. ती नरम आली नाही, बारीक झाली. मग मामांनी मुहूर्त काढला. दोन गडी कान धरून उभे राहिले, दोघांनी खोगीर टाकून तंग आवळला, आणि सगळ्या गावासमोर मामा रिकिबीत पाय घालून चढले.

मामा घोडीवर बसले हे खरं. किती वेळ बसले याबद्दल गावात दोन मतं आहेत. एक मत असं, की ते बसलेच नाहीत, नुसते वरून गेले.

ते उकिरड्यावर पडले. उकिरडा मऊ होता ही देवाची कृपा, आणि तो उकिरडा होता ही घोडीची. मामांचा हात खांद्यातून निखळला होता. गावच्या हाड बसवणाऱ्यानं तो बसवला तेव्हा मामा जे ओरडले, त्यानं घोडीसुद्धा दचकून बघायला लागली. दुसऱ्या दिवशी मामा गळ्यात हात बांधून जालन्याला निघाले. जाताना म्हणाले, "हिच्या छातीवर केसांचा भोवरा हाये. खोडीची हाये. मी बाजारातच बोलणार होतो."

"मंग का न्हाई बोललास?" मायनं विचारलं.

"तुझ्या मालकाला आवडून राह्यली होती," मामा म्हणाले आणि छकड्यात बसले.

आता दादांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "दादा, तुम्ही मोठे. तुम्हीच शिकवा."

"लगीन काय माझं हाये?" दादा म्हणाले.

मी तेव्हा औरंगाबादेच्या शाळेतून मॅट्रिकला नापास होऊन घरी आलो होतो. आता माझं लग्न करणं एवढंच शिल्लक आहे असं घरच्यांचं मत पडलं होतं. शेतीत माझा उपयोग नव्हता, घरात अडचण होती. अशा माणसाला घोडीपाशी ठेवायला काही हरकत नव्हती. काही झालं तर फार नुकसान होणार नव्हतं. मला घोड्यांची भीती वाटते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली नाही, सगळ्यांना दिसत होतं.

"आधी तिचे पाय सोड," माय म्हणाली. "बांधून घातल्यावर कोन गोडीनं बघतंय?"

घरामागं काटेरी कुंपणाचं एक मोठं आवार होतं. तिथं कडबा रचत. एका गड्यानं लांब काठीनं दोर सोडवले आणि घोडी त्या आवारात मोकळी झाली. दोरांनी तिच्या पायांची सालटी निघाली होती. ती पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, कान मागं टाकून. मी अलीकडच्या कोपऱ्यात एक टोपलं पालथं घालून त्यावर बसलो, उडी मारता येईल इतक्या कुंपणाच्या जवळ. तिच्याकडं तोंड करायचा धीर होईना, म्हणून मी पाठ करून बसलो.

पुढं लोक मला विचारायचे, ही युक्ती तुला कुणी शिकवली? कुणीच नाही. भीती लांबून बघितली तर सभ्यपणासारखी दिसते, एवढंच.

रिकामा बसलेला दिसलो असतो तर दादांनी नांगरामागं धाडलं असतं, म्हणून मी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसायचो आणि मोठ्यानं वाचायचो. परीक्षेला पुन्हा बसणार आहे असा घरी समज व्हावा हा हेतू. शाळेत आम्हाला सगळं उर्दूत होतं. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत. त्यामुळं मला गणितही आलं नाही, भूगोलही आला नाही आणि उर्दूही आली नाही. मास्तर मला एका ओळीनंतर थांबवायचे आणि कपाळावर हात मारायचे. घोडीनं तसं काही केलं नाही. मी वाचायला लागलो की तिचे मागं टाकलेले कान एकेक करून पुढं येत. साऱ्या निजामशाहीत माझी उर्दू ऐकून घेणारी ती पहिलीच.

रोज मी येताना धोतराच्या ओच्यात थोडा गूळ आणि ज्वारीची भाकरी आणायचो, टोपल्यापासून हातभर लांब ठेवायचो आणि पाठ फिरवून वाचायला बसायचो. आधी मी गेल्यावर ती खायची. मग मी बसलेलो असताना, मान लांब करून, पाय मात्र पळायच्या तयारीत. एक दिवस मी कुठल्याशा नदीच्या उगमाशी अडखळत होतो, तेवढ्यात माझ्या मानेवर गरम वाफ आली. गवताचा वास असलेली, ओलसर. मी जागचा हललो नाही. हलायची ताकदच नव्हती. तिनं माझा कान हुंगला, टोपी हुंगली, खांद्यावरून तोंड पुढं काढलं आणि पुस्तकाचा कोपरा तोडून सावकाश चघळला. परीक्षेसाठी मी जेवढा भूगोल पचवला होता, त्याहून जास्तच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भूगोलासाठी नव्हे. इतक्या दिवसांत माझ्याकडं आपणहून चालत आलेलं ते एकच होतं.

त्यानंतर मी हात लावायला शिकलो. आधी गळ्याला, मग आयाळीखाली. तिथं खाजवलं की तिचा खालचा ओठ लोंबकळायचा आणि डोळे अर्धे मिटायचे, दुपारचं जेवण झालेल्या पुढाऱ्यासारखे. पायांच्या जखमांना तेल-हळद लावली. खरारा केला. कुंपणाबाहेर दादा येऊन उभे राहायचे. दादांनी आयुष्यात घोड्याला हात लावलेला नव्हता, त्यामुळं त्यांचा सल्ला अगदी निःपक्षपाती असे.

"लाडात आली ती," ते म्हणायचे. "बस आता वर."

"अजून पाठीवर काही टाकलेलं न्हाई, दादा."

"मंग टाक की. जल्दी कर. लगीन तिच्यासाठी थांबणार हाये का?"

लग्नाची तिथी निघाली होती हे खरं. म्हणून एका सकाळी दादांच्या देखरेखीखाली मी घोंगडी घेतली आणि बाजूनं तिच्या पाठीवर टाकली. तिला वाटलं असणार, वाघ पडला. ती फिरली, दुगाणी झाडली, आणि मी मांडी धरून जमिनीवर बसलो. दादा म्हणाले, "बघ, मी सांगितलं नव्हतं?" काय सांगितलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

मांडी काळीनिळी झाली, मी लंगडायला लागलो. त्याचं एवढं काही वाटलं नाही. घोडी पुन्हा त्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन माझ्याकडं पाठ करून उभी राहिली, त्याचं वाईट वाटलं. मी वाचलं तरी कान फिरेनात. गूळ ठेवला तरी येईना. मी टोपल्यावर बसून राहायचो आणि मनातल्या मनात दादांशी भांडायचो. उघड भांडायची आमच्या घरी पद्धत नव्हती.

तेवढ्यात दुसरंच काहीतरी निघालं. आमच्याकडचा कुणीतरी जाफराबादच्या बाजाराला गेला आणि सहज बोलला, की नवरदेव लंगडून राह्यला. बाजारातून ती बातमी मुलीच्या घरी पोचेपर्यंत मी जन्माचा लंगडा झालो होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलीचे मामा दारात हजर. चहापाणी झालं, पीकपाण्याचं बोलणं झालं, मग त्यांनी घसा साफ केला.

"पावनं, राग मानू नका. पोराच्या पायात काही दोष हाये, असं कानावर आलं."

"दोष?" दादा उठले. "ऊठ रे. चाल जरा."

मी अंगणात चाललो. दातओठ खाऊन सरळ चाललो.

"वळून ये," दादा म्हणाले.

मी वळून आलो.

"आता जरा पळवा त्याला," मुलीचे मामा म्हणाले. हे ते माझ्या वडलांना म्हणाले. मी पळालो. त्यांनी मान वाकडी करून माझे गुडघे न्याहाळले. माझे दात बघायचे त्यांनी तेवढे शिल्लक ठेवले. घोडेबाजारात घोडीला काय वाटलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं. फरक एवढाच, की मी लाथ मारली नाही. तशी शिकवण मला लहानपणापासूनच मिळालेली होती.

"चाल बराबर हाये," मुलीचे मामा शेवटी म्हणाले. लग्न टिकलं.

ते गेल्यावर मी आवारात गेलो आणि दादांना सांगितलं, "आता तुम्ही कुंपणापाशी येऊ नका. न्हाईतर मी छकड्यातून जाईन." वडलांना असं बोलायची ती माझी पहिलीच वेळ. दादा वळले आणि शेताकडं गेले. कदाचित ते मलाही कोरा समजत होते.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी घोंगडी जमिनीवर अंथरली आणि वर ज्वारीचं हिरवं कडवळ टाकलं. घोडी लांबून बघत राहिली. भूक आणि संशय यांत शेवटी भूक जिंकली, पण त्यासाठी तिला कुणी उपाशी ठेवलेलं नव्हतं. ती आपल्या मर्जीनं आली. घोंगडीवरून खायला लागली. मग मी घोंगडी खांद्यावर घेऊन तिला खाजवायला लागलो. मग घोंगडीचं टोक तिच्या गळ्यावर, मग पाठीवर, मग सगळी घोंगडी. तिनं मान वळवून घोंगडी हुंगली आणि सोडून दिली. जुनी ओळख निघाली.

मग भुसा भरलेलं पोतं. मग पोत्याच्या जागी मी, पोत्यासारखाच आडवा, पोटावर, एका बाजूला डोकं, एका बाजूला पाय. या अवस्थेत मला आमच्या एका शेजाऱ्यानं बघितलं आणि गावभर सांगितलं, की नवरदेव घोडीवर वाळत घातला आहे. सांगू दे म्हटलं. एका सकाळी मी तसाच आडवा असताना सावकाश एक पाय पलीकडं टाकला आणि उठून बसलो.

ती उभी राहिली. मीही बसून राहिलो. पुढं काय करायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मग मी नेहमीच्या आवाजात भूगोल म्हणायला लागलो. तिचे कान माझ्याकडं वळले, आणि तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. कुंपणाचं फाटक उघडं होतं. आम्ही ज्वारी काढलेल्या रानात गेलो. धसकटांतून जपून पाय टाकत ती चालत होती, आणि दर पावलाला तिच्या पाठीचा हेलकावा माझ्या कमरेत येत होता. लांब कुणाचीतरी मोट चालू होती. मी लगाम धरलेला नव्हता. नुसती आयाळ धरली होती. मला कुणी विचारलं असतं की तू मॅट्रिकला नापास झालेला ना, तर मी म्हणालो असतो, कोण मी?

आम्ही परत आलो तेव्हा दादा अंगणात चार माणसांना सांगत होते, "जनावर पारखायला नजर लागते."

आता प्रश्न उरला वाजंत्र्यांचा. साध्या पत्र्याच्या आवाजानंही घोडी बिथरायची, आणि परण्यात तर हलगी, सनई, झांज, सगळंच. हे काम मायनं अंगावर घेतलं. तिची युक्ती बाईमाणसाची होती, म्हणून ती कुणी मनावर घेतली नाही. ती रोज पितळी थाळी घेऊन यायची, लांब उभी राहून हळूच वाजवायची आणि लगेच भाकरीचा तुकडा टाकायची. मग जवळून. मग जोरात. थोड्याच दिवसांत असं झालं, की थाळी वाजली की घोडी असेल तिथून फुरफुरत पळत यायची आणि मायच्या पदराला तोंड लावायची. आम्ही सगळे खूष. या युक्तीत पुढं काय वाढून ठेवलंय ते एकालाही सुचलं नाही.

लग्नाला आमचं वऱ्हाड जाफराबादकडं गेलं. मामाही आले होते, हात बरा झालेला, आणि अंगात नवा कोट. परण्याच्या वेळी त्यांनी पुढं होऊन लगाम धरला. "घोड्याला जाणकार हात लागतो," ते म्हणाले. मारुतीला नारळ फुटला. मी बाशिंग बांधून घोडीवर बसलो. डोळ्यांपुढं मुंडावळ्यांचा पडदा, त्यातून जेवढं जग दिसेल तेवढंच. घोडीच्या कपाळाला गोंडे. मला ती आवडली, तिला गोंडे आवडले नाहीत.

हलगी वाजली, घोडी शांत. सनई वाजली, घोडी शांत. वऱ्हाड्यांत कौतुकाची कुजबुज झाली. मग झांजवाल्यानं झांज वाजवली.

पितळेवर पितळ. घोडीनं कान टवकारले, आनंदानं खिंकाळली आणि सरळ झांजवाल्याकडं निघाली. भाकरीसाठी. त्यानं मागं बघितलं तर नाकाशी घोडीचं तोंड. तो बाजूला सरकला, ती बाजूला सरकली. त्यानं पाऊल उचललं, तिनंही उचललं. मग तो पळाला. पळताना झांजा हातात होत्या, त्या आपोआप वाजत होत्या, आणि जितक्या वाजत तितकी ती उत्साहानं धावत होती. त्याचं बघून हलगीवाला पळाला, सनईवाला पळाला. मामांनी लगाम अनुभवानं सोडून दिला.

मी मुंडावळ्यांच्या आतून ओरडत होतो, "आहिस्ता! आहिस्ता!" घोडीशी मी उर्दूतच बोलत आलो होतो. लोकांना उर्दू अंमलदारांच्या तोंडून ऐकायची सवय, त्यांना वाटलं, नवरदेव आपल्यालाच दटावतोय. ते भराभर बाजूला झाले, आणि रस्ता आणखी मोकळा झाला.

जो परण्या निवांत, पारापारावर थांबत, मिरवत जायचा, तो पान चघळून होण्याच्या आत मांडवात पोचला. मांडवात कुणीच तयार नव्हतं. माझे सासरे पटका बांधत होते; अर्धा डोक्यावर होता, अर्धा मांडवभर पसरला होता. झांजवाला त्यांच्या पटक्यावरून पळत आत गेला आणि धान्याच्या कोठीत लपला. घोडी मांडवाच्या दारात थांबली आणि भाकरीची वाट बघत उभी राहिली. मी तिच्यावर होतो. पडलो नव्हतो, ही गोष्ट त्या गडबडीत कुणीच नोंदवून घेतली नाही, म्हणून मी इथं सांगतो.

सासरे तोंड उघडून बघत होते. शेवटी म्हणाले, "जावईबापू, लई घाई झाली का?"

ते वाक्य त्या गावात मला जन्मभर पुरलं.

तेवढ्यात धापा टाकत दादा पोचले. मागं अख्खं वऱ्हाड, घामानं निथळलेलं. दादांनी एकदा घोडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, एकदा जमिनीवरच्या पटक्याकडं. मग श्वास सावरून व्याह्यांना म्हणाले, "आमच्यात अशीच रीत हाये. नवरदेव वाजंत्र्यांना म्होरं घालून आनतो."

लग्न लागलं, पण ठरल्या वेळीच. मुहूर्ताला बराच अवकाश होता, त्यामुळं आम्ही सगळे एकमेकांकडं बघत बसलो. सासऱ्यांनी पटका पुन्हा पहिल्यापासून बांधला.

बायको घरी आल्यावर तिचं माझ्याशी पहिलं मोठं बोलणं झालं ते याबद्दलच. म्हणाली, "मी माडीच्या झरोक्यातून बघितलं. सगळे वरडत होते. तुमी बी. घोडी तेवढी शानी दिसत होती."

मला वाटलं होतं, घोडी दुसऱ्या कुणाला जवळ करणार नाही. माझी ती मेहनत, तो भूगोल, ती मांडी. बायको तिसऱ्या दिवशी आवारात गेली, शेणाचे हात लुगड्याला पुसले, घोडीला म्हणाली, "सरक गं," आणि घोडी सरकली. मी कुंपणाबाहेर उभा होतो, अगदी दादांच्याच जागी.

पुढं आमचं बरं चाललं. घोडीवरून मी भोकरदनला कचेरीच्या कामाला जायचो, कधी जालन्याला. पोर झालं. मग अठ्ठेचाळीस साल उगवलं, आणि आमच्या भागात राहणं अवघड झालं. रोज लुटालुटीची, जाळपोळीची नवी बातमी यायची, रोज एखादं घर कुलूप लावून वऱ्हाडात निघून जायचं. तिकडं निजामाची हद्द संपत होती. दादा म्हणाले, "बायको-पोराला घेऊन तू जाय. मी आन माय इथंच राहातो. घर कोन सांभाळल?" घर सांभाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण दादांशी वाद घालायला वेळही नव्हता.

भर दुपारी निघालो, बायकोच्या माहेरी चाललोय असं सांगत. बायको घोडीवर, पुढ्यात पोर, मी लगाम धरून पायी. वाटेत पूर्णा नदी, उन्हाळ्याचं गुडघाभर पाणी. घोडी काठाशी आली आणि थांबली. मी ओढलं, समजावलं, आयाळीखाली खाजवलं, उर्दू बोललो. तिनं पाण्याकडं बघितलं आणि पाय रोवले. पाठीमागच्या वाटेवर धूळ दिसत होती. कुणाची होती, कोण जाणे.

"तुमी बोलत बसू नका," बायको म्हणाली. ती उतरली, पोराला कडेवर घेतलं, लुगडं खोचलं आणि पाण्यात शिरली. मागं वळून एकदाही बघितलं नाही. घोडीनं तिच्याकडं बघितलं, एक सुस्कारा टाकला आणि तिच्या मागं चालू लागली. लगाम माझ्या हातात होता, म्हणून मीही पार झालो. मधल्या धारेत घोडी एकदा अडखळली तेव्हा मी तिच्या गळ्याला हात टाकला. तो तिला आधार म्हणून टाकला की मला, हे मी आजही सांगू शकत नाही. पलीकडं पोचल्यावर बायको एका दगडावर बसली आणि पहिल्यांदाच रडली. घोडी शेजारी उभी राहून तिच्या पदरातून पाणी ठिबकताना बघत राहिली. मी पोराला घेऊन उगीच इकडं तिकडं चाललो.

वऱ्हाडात बायकोच्या एका मावशीनं आम्हाला ठेवून घेतलं. पावसाळा तिथंच गेला. सरकार बदललं, वाटा मोकळ्या झाल्या, मग आम्ही परतलो. गावाच्या शिवेवर पोहोचल्यावर मला राहवेना, बायको आणि घोडीला मागं ठेवून मी पुढं आलो. दादा दारातच बसले होते. अंगानं निम्मे झाले होते. मला बघून उठले आणि माझ्या मागं वाटेकडं बघायला लागले.

"घोडी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"येऊन राह्यली. तुमची सून आन पोर तिच्यावरच हायेत."

"पाय बराबर हायेत ना तिचे?"

"हायेत."

घोडी आली. दादा वाटेतच सामोरे गेले. कुंपण नव्हतं, सल्ला नव्हता. त्यांनी हात वर केला, थोडा थांबवला, आणि तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला. तिनं ठेवू दिला. मग त्यांनी नातू उतरवून घेतला, मायला हाक मारून सुनेसाठी पाणी आणवलं, मला घोडीला वैरण टाकायला सांगितलं.

जेवायला बसल्यावर, पहिला घास तोंडात घालायच्या आधी, त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आन तू? तू बरा हायेस ना?"

"बराय, दादा," मी म्हणालो, आणि आम्ही जेवायला लागलो.